एकवीस हजर, एक गैरहजर

मुळगाव, डिचोली
१४ जुलै १९८६

रघू,

तिसऱ्यांदा पळून आला तो! तिसऱ्यांदा! आणि तू म्हणे हेडमास्तर. अख्ख्या पेडण्यात तुझ्या शिस्तीचं नाव, आणि सख्ख्या बहिणीचं एक पोर तुला वर्गात बसवून ठेवता येत नाही? तुझ्या शाळेला दारं आहेत की उडी मारून पळायला नुसती जनेलंच?

शनिवारी भर दुपारी प्रज्योत दारात उभा. डोक्यापासून पायापर्यंत लाल चिखल. म्हापशापर्यंत बसच्या शिडीला लोंबकळत आला आणि तिथून भिकाजीच्या ट्रकात. माझा दीरच तो, हसत हसत उतरला आणि म्हणतो, "वहिनी, चेडो पंधरा वर्षांचा झाला, हात बघ त्याचे. सोमवारपासून माझ्या गाडीवर क्लीनर." मी वरवंटा उचलला आणि फेकला. नेम चुकला, नाहीतर आज तुला वेगळं पत्र आलं असतं. भिंतीला खड्डा पडलाय, तो मी बुजवणार नाही, येता-जाता बघू दे त्याला. ज्या गाडीखाली त्याचा भाऊ, माझा नवरा गेला, तीच गाडी रंग मारून हा खाणीवर फिरवतो. तुझ्या भावोजींना फावड्याने गोळा करावं लागलं होतं, विसरलास? आता त्याच गाडीला माझा मुलगा हवा.

मग प्रज्योतला घेतला. बैलाच्या दाव्याने. तिसऱ्या फटक्याला त्याने माझं मनगट धरलं. उलट मारलं नाही, नुसतं धरलं, आणि मला सोडवता येईना. मी चावले त्याला. हो, चावले. रक्त आलं तेव्हा सोडलं. मग खांबाला बांधला तो आज सकाळपर्यंत. हात बांधलेलाच बसमध्ये चढवला आणि कंडक्टरला सांगितलं, पेडण्यात मास्तरच्या हाती दे, मध्ये कुठे सोडलास तर परतीच्या फेरीला मी इथे उभी आहे.

तू जन्मलास आणि आईने अंथरूण धरलं, तेव्हा तुला कडेवर घ्यायला मी चौथीतून उठले. त्याचं रडगाणं नाही. पण तुला शिकवलं ते याचसाठी, की आपल्यातल्या पोरांना कुणीतरी धरून बसवणारं असावं. प्रज्योत दहावी होईपर्यंत बसला पाहिजे. जमलं तर बारावी. त्याच्या मनात असो वा नसो.

कुलूप लाव, आणि लावलंस ते मला लिही.

अनुसया


पेडणे
२१ जुलै १९८६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

प्रज्योत सुखरूप पोचला. मनगटांवरचे वळ बघून तुझ्या भावजयीने, सुमंगलेने, हळद लावली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू दोरी मीच बांधली होती. अक्का, इतकं मारू नये. तुझं काळीज मी जाणतो, पण शिक्षणाची गोडी दाव्याने लागत नाही.

आता तो माझ्या नजरेखाली आहे. पुढून दुसरा बाक. हेडमास्तर असूनही नववीची हजेरी मी स्वतः घेतो, कुणा शिपायावर सोडत नाही. गणितात मुलगा बरा आहे. गेल्या आठवड्यात शाळेचा पंप बंद पडला तो त्याने तासाभरात चालू केला. मी शाबासकी दिली, पण तेवढा वेळ वर्ग बुडवला म्हणून दोन छड्याही दिल्या. नियम तो नियम.

तुझ्या पत्राने माझ्या एका विचाराला बळ आलं. आपल्याकडे चौदा वर्षं झाली की पोर खाणीवर, गॅरेजात, नाहीतर मुंबईला. आम्ही काही शिक्षक मिळून ठराव लिहितो आहोत, की सोळा पूर्ण होईपर्यंत शाळा सक्तीची व्हावी आणि मूल शाळेबाहेर दिसलं तर पालकाला जाब विचारावा. पालकाला मूल कळतं, पण मुलाचं हित कळतंच असं नाही. तुला हे पटेल.

कुलूप लावायची गरज नाही. मी आहे.

तुझा
रघुनाथ


मुळगाव
१६ सप्टेंबर १९८६

रघू,

चवथीला प्रज्योत आला आणि काल गेला. मोदक खाताना पाठ टेकत नव्हता. सदरा वर केला तर सगळी पाठ निळी. माझे वळ मला ओळखता येतात, ते जुने झाले. हे तुझे. मला लिहितोस मारू नये, आणि स्वतः पाठ फोडतोस? मी मारते तेव्हा दाराबाहेर चार माणसं ऐकतात आणि आत येऊन माझा हात धरतात. तुझ्या वर्गात कोण येतं?

तरी मार, मी अडवत नाही. पण कशासाठी मारलंस ते सांग. मी त्याला विचारलं तर म्हणतो, "सभेला गेलो नाही म्हणून." कसली रे सभा? म्हणतो, महिनाभर गणिताचा तास झाला नाही, मामा म्हणे पोरांना खळ देऊन भिंतीवर कागद चिकटवायला पाठवतात, राजभाषेच्या आंदोलनाचे. वर्गात घोषणा पाठ करून घेतात, विसरला की छडी.

मला राग आला. म्हटलं, शाळा नको म्हणून मामाला खोटं पाडतोस? ज्याचं अन्न खातोस त्याला? चुलीतलं लाकूड काढलं आणि घातलं दंडावर. तिथे भाजलं आहे, सुमंगलेला सांग खोबरेल लाव. तो ओरडला नाही. म्हणाला, "आई, तुझ्यापेक्षा भिकाजी काका बरा. तो निदान विचारतो, येतोस काय म्हणून."

हे वाक्य मला आठ दिवस टोचतंय. म्हणून विचारते. कागद चिकटवायला पाठवलंस का नाही? कोंकणी का मराठी ते मला कुणी विचारत नाही. मी घरात कोंकणीत शिव्या देते आणि पत्र मराठीत लिहिते, दोन्ही चालतात. मी पोर पाठवलं ते गणितासाठी.

अनुसया


पेडणे
३ ऑक्टोबर १९८६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

प्रज्योत वाढवून सांगतो. या वयाची मुलं शाळेतून सुटण्यासाठी काहीही सांगतात, वीस वर्षं हेच ऐकतो आहे. गणिताचे काही तास बुडाले हे खरं, पण ते भरून काढू. मुलांनी आपल्या भाषेच्या प्रश्नात भाग घेतला तर तेही शिक्षणच. पुस्तकाबाहेरही जग असतं आणि ते शिक्षकाच्या देखरेखीखाली बघितलेलं बरं, ट्रकवाल्यांच्या नव्हे.

पाठीचं म्हणशील तर एकदा हात जड पडला. पुन्हा होणार नाही.

तू भिकाजीला दारात उभं करू नकोस. प्रज्योत माझ्या वर्गात बसला आहे तोवर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.

तुझा
रघुनाथ


पेडणे
२३ डिसेंबर १९८६

ती. अक्कास,

हे पत्र बस बंद असल्यामुळे एका माणसाच्या हाती पाठवतो आहे. वाचताना बसून वाच.

काल सोमवारी प्रज्योत शाळेत आलाच नाही. सकाळी घरातून निघाला तो परस्पर आंदोलनातल्या टोळक्याबरोबर गेला. त्यांनी म्हापशाच्या रस्त्यावर वळणाच्या पुढे जांभळाचं झाड तोडून आडवं घातलं. मोटरसायकल पायलट सगुण, पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन भाडं सोडून येत होता, तो वळणावरून थेट त्या झाडावर आदळला. पाय गाडीखाली चिरडला. बाकीचे पळाले, प्रज्योत सापडला. मागून आलेल्या दोन-तीन पायलटांनी त्याला मारलं. नंतर पोलिसांनी नेलं. दोघांचाही जीव वाचला आहे.

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी शाळेत होतो. मी कुठे कमी पडलो ते कळत नाही.

माझं ऐक. तो पंधरा वर्षांचा आहे, मोठ्या माणसांच्या तुरुंगात घालणार नाहीत. त्याने कबूल करावं, की मी शाळा चुकवून गेलो आणि झाड तोडलं, माफी करा. लहान म्हणून सोडतील. तू सध्या पेडण्याला येऊ नकोस. वातावरण तापलेलं आहे, लोक चिडलेत. वकिलाचं मी बघतो.

रघुनाथ


मुळगाव
१९ जानेवारी १९८७

रघू,

तू येऊ नको म्हणालास, मी आले. तुझ्या दारावरून दोनदा गेले आणि आत आले नाही. का आले नाही ते शेवटी सांगते.

आधी प्रज्योतला बघितलं. पणजीकडे मुलांना ठेवतात तिथे. पुढचे तीन दात नाहीत. गाडीच्या साखळीने मारलाय, कान अर्धा फाटलेला आहे, आठ टाके. डावा डोळा अजून नीट उघडत नाही. माझ्याबरोबर कोण आलं होतं माहीत आहे? भिकाजी. सहा महिने मी त्याला दारात उभं केलं नाही, तो स्वतः गाडी घेऊन आला. पोदेराकडचे गरम उंडे पाव घेऊन आला होता. प्रज्योतला चावता येईनात, तर हा चहात बुडवून मऊ करून भरवत बसला. मी कोपऱ्यात उभी. मला भरवायला जमलं नाही, माझे हात पोराकडे गेले की त्याने मान आत घेतली. माराची सवय, दुसरं काय.

मी म्हटलं, खरं सांग, आज हात उचलणार नाही. मग त्याने सांगितलं.

सोमवारी सकाळी मामांनी हजेरी घेतली. नववीचे बावीस मुलगे, बावीसच्या बावीस हजर. मुलींना घरी पाठवलं. मग मामा म्हणाले, आज भूगोल रस्त्यावर. शाळेच्या परसातल्या खोलीतून दोन कुऱ्हाडी आणि पाच कोयते काढले, ते आदल्या दिवशी आणून ठेवले होते. प्रज्योतला कुऱ्हाड दिली, कारण त्याचे हात मोठे. तो म्हणाला, वळणाच्या अलीकडे तोडूया, येणाऱ्याला दिसेल. मामा म्हणाले, दिसलं तर लोक आधीच थांबतील आणि फिरून दुसऱ्या वाटेने जातील, पुढे तोड. तो नको म्हणाला तर मामा म्हणाले, सभेला आला नाहीस तेव्हाचं विसरलास काय? मग त्याने तोडलं. आणि सगुण आदळला तेव्हा मामा ओरडले, "पळा!"

एकवीस पळाले. हा मागे राहिला. गाडी उचलायला. एकट्याने उचलली, सदरा काढून सगुणच्या मांडीला आवळून बांधला, आणि तो गाठ मारत असतानाच पायलट आले. त्यांना काय दिसलं? कुऱ्हाड, आडवं झाड, रक्ताने भरलेलं पोर. मारणारच. मीही मारला असता.

यावर मी विश्वास ठेवला असता की नाही, देव जाणे. चवथीला मी त्याला खरं बोलल्याबद्दल भाजलं होतं. म्हणून सगुणकडे गेले. इस्पितळात पडलाय, डावा पाय गुडघ्याखालून कापला. त्याची बायको मला बघून विळी घेऊन उठली. सगुणने तिला बसवलं. तो मला म्हणाला, "बाये, तुझ्या चेड्यान म्हजो जीव वाटायलो. गाठ घट मारली म्हण हांव जितो. पूण मास्तराक हांवें पळयलो. झाडा फाटल्यान उबो आशिल्लो, धवो सदरो." वाचवला रे त्याने त्याला! आणि तू झाडामागे उभा होतास, पांढऱ्या सदऱ्यात. "मी शाळेत होतो" कुणाला लिहिलंस?

पोलिसांकडे गेले. त्यांनी तुझ्या शाळेचा हजेरीपट पुढे टाकला. म्हणाले, हे बघा, शाळा सांगते मुलगा गैरहजर होता. चौथीपर्यंत शिकलेली का होईना, हजेरी मला वाचता येते. त्या तारखेला एकवीस मुलगे निळ्या शाईत हजर. एकटा प्रज्योत लाल शाईत गैरहजर, आणि त्या लालच्या खाली कागद ब्लेडने खरवडून इतका पातळ केलाय की पलीकडचा उजेड दिसतो.

त्यांना काहीच बोलले नाही. आधी तुला विचारते. घरात आले नाही ते यासाठी, की सुमंगलेच्या देखत मी तुझा गळा धरला असता.

हे तू केलंस?

अनुसया


पेडणे
३० जानेवारी १९८७

ती. अक्कास,

तू घरातलीच, म्हणून लपवत नाही. हो.

पण विचार कर. मी जबाब दिला तर एकट्या प्रज्योतवरची केस बावीस मुलांवर जाईल. दहावीच्या उंबरठ्यावरची मुलं. शाळा बंद करतील. अजून किती वर्षांनी या गावाला दुसरी शाळा मिळेल? मग ती सगळीच पोरं खाणीवर. एका मुलाला थोडं सोसावं लागेल, आणि तो माझा भाचा आहे म्हणून मी त्याच्यावर तो भार टाकू शकलो, परक्याच्या मुलावर टाकला नसता. सुटून आल्यावर मी त्याला पुन्हा वर्गात घेईन. दहावी करीन. हा माझा शब्द.

आणि एक सांगायला हवं, मनाविरुद्ध सांगतो. कोर्टात विचारतील, हा मुलगा असा का झाला. तेव्हा मनगटावरचे दोरीचे वण निघतील, दंडावर भाजल्याचा डाग निघेल, चावल्याचा वण निघेल. ते माझे नाहीत. सुमंगलाही ते सांगू शकेल. आई म्हणून तुझं काय राहील? मुलगा तुझ्याकडून काढून घेतील. तेव्हा शांत राहण्यात तुझंही हित आहे.

रागात काही करू नकोस.

रघुनाथ


मुळगाव
८ फेब्रुवारी १९८७

रघू,

धमकी नीट द्यायला शिक. मी वाचलं आणि हसले, मग चुलीजवळ बसून ओरडले, मग भिकाजीला हाक मारून त्याच्याकडून पुन्हा मोठ्याने वाचून घेतलं, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक नको. त्याने तुझ्या नावाने जे म्हटलं ते मी कागदावर लिहीत नाही.

दोरीचे वण? मी सांगणार कोर्टात. दावं घेऊन जाणार. हे बघा, याने मारला, इथे बांधला, इथे चावले, हे लाकूड. काढून घेतात तर घेऊ देत. सहा महिन्यांत त्या पोराला मी आणि तू दोघांनी मिळून जितकं फोडलं तितकं त्या पायलटांनी साखळीनेही फोडलं नाही. फरक एवढाच की मी मारलं ते मी मारलं म्हणून सांगते.

बाकीच्या एकवीस पोरांचं मला सांगू नकोस. त्यांना मी ओळखते. बुधवारी म्हापशाच्या बाजारात त्यातला एक भेटला, अजय, तुझ्या शिपायाचा मुलगा. मला बघून पाया पडला आणि रडायला लागला. म्हणाला, "मावशी, आम्ही सांगू, पण मास्तर म्हणाले, बोललात तर प्रॅक्टिकलचे मार्क कापीन." हेच काय तुझं शाळा वाचवणं? पोरांना कुऱ्हाड द्यायची, पळ म्हणायचं, आणि मग तोंड शिवायचं. या पोरांपैकी खाणीवर कुणी गेलं तर तिथे काय वाईट शिकणार आहेत, सांग.

तुझा ठराव आठवतो मला. सोळा वर्षांपर्यंत सक्ती, आणि मूल बाहेर दिसलं तर आईबापाला जाब. कर. मी अजूनही म्हणते, कर. इतकं होऊनही म्हणते. तुझ्या भावोजींना फावड्याने गोळा केलेलं मी बघितलंय, तू नाही. पण माझं पोर तू धरून ठेवलंस तर ते त्या वेळात कुठे गेलं, याचा जाब तुला. भिकाजीच्या गाडीवर असता तर भिकाजीने त्याला वळणापुढे झाड तोडायला लावलं नसतं. हे वाक्य लिहिताना माझा हात जळतो. सहा महिने मी त्या माणसावर वरवंटा उगारत होते आणि माझं पोर ज्याच्या हातात दिलं तो तू होतास.

प्रज्योतला काल विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. म्हटलं, शाळा की गाडी? त्याने मान वर केली. मग दात नसलेल्या तोंडाने म्हणाला, "आधी मला हजर लाव म्हणावं." एवढंच. पुढचं ठरवायचा हक्क आता त्याचा. शाळा म्हणाला तर मी वाळपईला नेऊन घालीन, तुझ्या हाती नाही. गाडी म्हणाला तर मी भिकाजीच्या चाकांसमोर आडवी पडून निदान परीक्षा होईपर्यंत थांबवीन, पण त्याच्या अंगाला हात लावणार नाही. हे मी सगुणच्या बायकोसमोर बोललेय, आता फिरता येत नाही.

भाषेचा कायदा बुधवारी झाला म्हणतात. रस्ते बंद झाल्यावर विधानसभेला महिना-दीड महिन्यात कायदा करता आला. तुला एका ओळीचा जबाब द्यायला किती दिवस हवेत?

सोमवारी सोळा तारखेला प्रज्योतला मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. त्याच्या आधी शनिवारी, चौदा तारखेला दुपारी बाराच्या आत तू पेडण्याच्या पोलीस ठाण्यात जा. लिहून दे, की त्या दिवशी नववीचे बावीस मुलगे हजर होते, बावीसही मीच रस्त्यावर नेले, कुऱ्हाड मीच दिली, आणि हजेरीपटावर ब्लेड मीच चालवलं. पोरांची नावं घेऊ नकोस. तुझं एकट्याचं घे.

नाही गेलास तर सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी तुझ्या शाळेच्या अंगणात उभी असेन. सगुण यायला तयार आहे, कुबड्यांवर. त्याची बायकोही येते म्हणाली, विळी घरी ठेवून येईल की घेऊन, ते मी तिला विचारलेलं नाही. आम्ही सगळ्या मुलांपुढे तुला विचारू, आणि मग तिथूनच कोर्टात जाऊ.

सबब लिहू नकोस, सुमंगलेला मध्ये घालू नकोस, वकिलाला पाठवू नकोस. शनिवार, दुपारी बारा. जातोस की नाही, एवढंच मला गुरुवारच्या टपालाने कळव.

अनुसया